मंदिरं बघायला ग्रीसला

मेडिकलचं दुकान असलं की औषधांपेक्षा किस्सेच जास्त साठतात. औषधांना निदान एक्स्पायरी असते, किश्शांना तीही नाही! माणूस बीपीच्या गोळ्या घ्यायला येतो, सुट्ट्या पैशांसाठी दोन मिनिटं थांबतो आणि तेवढ्यात घरातलं काहीतरी माझ्या काउंटरवर ठेवून जातो. मीही बाई माणूस, त्यात तोंडाची फटकळ. लोक का सांगतात मला, देव जाणे. पण सांगतात.

जळगावातल्या माझ्या दुकानाबाहेर एक लाकडी बाक आहे. पेशंटसाठी ठेवला होता. पेशंट बिचारे उभेच असतात आणि बाकावर संध्याकाळी आमची मंडळी बसते. चौधरी सर, मूळचे धुळ्याचे, भूगोल शिकवून रिटायर झालेले. शेजारच्या कापड दुकानाचे मालक शांतिलालजी. आणि तोताराम भाऊ, भडगावकडचे केळीवाले. भाऊंच्या पत्नी सुलोचना अक्का बाकावर बसत नाहीत. त्या आत, माझ्यासमोरच्या स्टुलावर बसतात आणि बाहेरचं सगळं ऐकतात.

गेल्या हिवाळ्यापासून या बाकावर फक्त एकच विषय होता. ग्रीस!

*

सुरुवात झाली ती दुबईपासून. शांतिलालजींना दुबई बघायची होती. सर म्हणाले, "दुबईत काय बघायचं? जळगावसारखंच ऊन आणि वर काचेच्या इमारती." मग सिंगापूर निघालं, मग बाली निघालं. प्रत्येक देशाला सरांनी भूगोलाच्या पेपरसारखे मार्क दिले आणि नापास केलं.

आणि एकदम आतून, स्टुलावरून आवाज आला.

"ग्रीसले जाऊ."

अक्का! ज्या बाईने आयुष्यात साडीचा रंगसुद्धा स्वतःहून सांगितला नाही, तिने देश सांगितला! मी कात्री हातात धरून तशीच उभी. कारण ग्रीस म्हणजे काय, ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं, आणि भाऊंच्या देखत ते बोलायची कुणाची छाती नव्हती.

भाऊंनी मान न वळवता विचारलं, "तठे काय शे?" अहिराणीत, म्हणजे तिथे काय आहे?

त्या एका क्षणात सगळी ट्रिप बुडाली असती. पण शांतिलालजी व्यापारी माणूस, गिऱ्हाईक उठायच्या आत दुसरं कापड उलगडणारे. ते म्हणाले, "अरे भाऊ, मंदिरं! पुराने पुराने मंदिर आहेत तिकडे. संगमरवराचे!"

भाऊंनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "मंदिरं शेत ते देखी लेऊत."

त्या दिवसापासून आमचा न बोलता करार झाला. आम्ही सगळे मंदिरं बघायला चाललो होतो.

*

आता खरं कारण सांगते. भाऊ-अक्कांना एकच मुलगी, माधुरी. हुशार. माझ्याच दुकानात बसून बारावीचा अभ्यास करायची, कारण घरी पाहुणे फार. पुढे शिकायला जर्मनीला गेली आणि तिथे एका ग्रीक मुलाशी तिचं जमलं. तिने काही लपवलं नाही. आधी फोन केला, भाऊंना विचारलं. भाऊ नाही म्हणाले. तिने लग्न केलं आणि नवऱ्याबरोबर क्रीट नावाच्या बेटावर राहायला गेली. भाऊंनी फोन घेणं बंद केलं. कुणी विचारलं, "मुलगी काय म्हणते?" तर उठून चालू लागायचे. पाच वर्षं.

असा वाईट माणूस आहे का? मुळीच नाही! माझे मिस्टर आजारी होते तेव्हा हॉस्पिटलात रात्र रात्र बसलेला माणूस आहे हा. पण एकदा गाठ बसली की सोडवायची कशी, ते त्यांना येत नाही.

आमच्या खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात. झोके बांधतात, गाणी म्हणतात, सांज्याच्या पोळ्या खातात. पण लेक आपली आपण येत नाही. बापाने किंवा भावाने तिच्या सासरी जाऊन तिला आणायचं. त्याला मूळ लावणं म्हणतात. मूळ आलं नाही तर लेकीने उंबऱ्यात उभं राहून वाट बघायची, ही जुनी रीत.

एका आखाजीला मी अक्कांना सरळ म्हटलं, "माधुरीला सांगा ना, तिकीट काढ आणि ये निघून. आल्यावर भाऊ काय हाकलून देणार आहेत?"

अक्कांनी गोळ्यांची पट्टी पदराला पुसली. उगाचच.

"म्या सांगं तिले. ती म्हणस, आई, आंडेर सोताहून येस का? भाऊंनी मूळ लावाले पाहिजे. ते येतीन त्या दिवशी मी निघसू." मग मला समजावल्यासारखं म्हणाल्या, "तिनं बी बरोबर शे, ताई. आंडेरले मान नको का?"

आंडेर म्हणजे लेक. भाऊही हट्टी, लेकही हट्टी, आणि मध्ये ही बाई. मला त्या दिवशी भाऊंचा इतका राग आला की त्यांचा चहा मी बाहेर पाठवलाच नाही.

*

टूर पुण्याच्या एका कंपनीकडून ठरली. टूर कंपनीची एक मुलगी फोनवर सगळं समजावून सांगायची, गोड आवाजात. आम्ही फोन स्पीकरवर टाकून काउंटरवर ठेवायचो.

एकदा ती म्हणाली, "सर, एक सूचना. त्या दिवसांत अथेन्समध्ये तापमान तीस डिग्रीपर्यंत जाऊ शकतं. सीनियर सिटिझन आहेत, तर काळजी घ्यावी लागेल."

बाहेर जळगावचा उन्हाळा नुकताच सुरू झाला होता, म्हणजे बेचाळीस.

शांतिलालजींनी गंभीर चेहऱ्याने विचारलं, "बेटा, मग स्वेटर इथून आणायचे की तिकडे मिळतात?"

ती मुलगी "हॅलो, हॅलो" करायला लागली. तिला वाटलं, नेटवर्क गेलं!

*

पण खरी अडचण नकाशात होती. टूर होती अथेन्स, दोन बेटं आणि परत. क्रीट त्यात नव्हतंच!

सरांनी भिंतीवर लावायचा मोठा नकाशा आणला, शाळेतल्यासारखी छडी घेतली आणि भाऊंसमोर उभे राहिले. मी सरांना ओळखते. खोटं बोलायचं असलं की त्यांचा आवाज जरा जास्तच मोठा होतो.

"हे क्रीट! इथे फार म्हणजे फार जुना राजवाडा आहे! तो बघितला नाही तर ग्रीसला जाऊन उपयोग काय?"

भाऊ म्हणाले, "मंदिर सांगेल व्हतं ना तुम्ही?"

सर गडबडले. छडी नकाशावर नुसतीच फिरत राहिली. शेवटी म्हणाले, "राजवाडा म्हटला की देवघर असणारच ना, भाऊ!"

"मग ठीक शे," भाऊ म्हणाले.

टूरवाल्या मुलीने क्रीटचे दोन दिवस वाढवून दिले. आम्ही कुणी कुणाच्या तोंडाकडे बघितलं नाही. पण अक्कांनी त्या संध्याकाळी बाकावर सगळ्यांना स्वतःच्या हाताने चहा नेऊन दिला. सरांच्या कपात साखर दुप्पट होती, आणि सरांना शुगर आहे. सर मुकाट्याने प्यायले.

*

जेवणाची चर्चा तर विचारूच नका. शांतिलालजी जैन, त्यांचं कांदा-लसूण नाही, बटाटा नाही. त्यांनी खाकऱ्यांचे इतके डबे काढून ठेवले की मी म्हटलं, "शेठ, तिकडे दुकान टाकताय की काय?" ते म्हणाले, "ताई, माणूस परदेशात हरवला तर चालतं, भुकेला नको."

सरांनी कंपनीने पाठवलेला मेनू वाचून दाखवला. त्यात होतं, आगीवर भाजलेलं वांगं, सोलून, ठेचून, लसूण आणि तेल घालून.

अक्का आतून म्हणाल्या, "म्हणजे भरीतच की!"

"भरीतच!" सर म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला. इतक्या लांब जाऊन पुन्हा वांग्याचं भरीत!

पण अक्का खूश झाल्या. का, ते मला नंतर कळलं. मला हळूच म्हणाल्या, "पोरगी उपाशी नही ऱ्हायनी मग तठे." पाच वर्षं ही बाई रोज फोनवर बोलते, आणि तरी लेक काय खात असेल, हा घोर तिला लागलेलाच होता.

आणि मग अक्कांनी बिबड्या घातल्या. ज्वारीच्या बिबड्या, म्हणजे एक प्रकारचे पापडच, आमच्याकडे उन्हाळ्यात गच्चीवर वाळत घालतात. कच्च्या-ओल्या असतानाच निम्म्या संपतात, पोरं पळवून नेतात. माधुरी तर त्यावर जीव टाकायची. अक्कांनी या वर्षी सगळी गच्ची भरली. भाऊ वर गेले, बघितलं आणि म्हणाले, "टूरले इतल्या बिबड्या कसाले?"

"ग्रुप मोठा शे," अक्का म्हणाल्या.

ग्रुप म्हणजे आम्ही पाच माणसं!

मी दुपारी अक्कांकडे इन्सुलिन द्यायला गेले, त्यांच्या जावेसाठी मागवलं होतं. जिन्यातून सहज वर डोकावले. भाऊ डोक्याला उपरणं गुंडाळून, हातात काठी घेऊन गच्चीच्या कोपऱ्यात बसले होते. भर उन्हात. कावळे हाकलत.

मी पावलं न वाजवता खाली आले. अक्कांना सांगितलं नाही.

*

केळीचा किस्सा माझ्या डोळ्यांदेखत घडला, म्हणून खात्रीने सांगते.

माधुरीच्या सासऱ्यांची क्रीटमध्ये शेती आहे, आणि त्यात केळी! आम्हाला आधी पटेना. केळी म्हणजे आमचीच, असा आमचा समज. तिकडे म्हणे प्लास्टिकच्या मोठ्या शेडमध्ये लावतात. माधुरीने त्या बागेतला फोटो अक्कांना पाठवला. अक्कांनी तो मला दाखवला आणि मोबाइल काउंटरवर ठेवला. बंद न करता. तेवढ्यात भाऊ सुट्टे मागायला आत आले.

फोटो समोर होता. मध्ये माधुरी, जरा जाड झालेली, हसणारी. मागे केळीची झाडं.

अक्का स्टुलावर ताठ.

भाऊंनी मोबाइल उचलला नाही. नुसते वाकले. माधुरीकडे त्यांनी बघितलं की नाही, मी सांगू शकत नाही. पण बोट ठेवलं ते मागच्या झाडावर.

"खोड बारीक शे. पिलं कापेल नहीत. बठ्ठा जोर पिलं खाई राह्यनात."

पिलं म्हणजे केळीच्या बुंध्याशी फुटणारे कोंब, झाडाचा सगळा जोर तेच खातात.

भाऊंनी सुट्टे पैसे खिशात घातले, दाराशी गेले आणि पाठमोरेच म्हणाले, "सांग तिले. पिलं कापी टाक म्हना."

तिले! पाच वर्षांत पहिल्यांदा त्या माणसाच्या तोंडून लेकीचा उल्लेख निघाला, आणि तो असा! अक्का रडतील असं मला वाटलं होतं. त्यांनी रडायच्या आधी फोन लावला.

*

आणि इतकं सगळं जुळून आल्यावर तारखांनी घात केला.

टूर होती बरोबर आखाजीच्या दिवसांत. आम्ही कुणी कॅलेंडर बघितलंच नव्हतं! सर भूगोलाचे, पंचांगाचे नाहीत. शांतिलालजींचे सण वेगळे. मी दुकानदार, मला एक्स्पायरीच्या तारखा पाठ. आणि अक्का? अक्कांना माहीत असणार, पण त्या बोलल्या नव्हत्या.

भाऊंना कळलं तसे ते उभे राहिले. "आखाजीना पह्यले घर येवानं. नही ते मी येत नही."

सर समजावू लागले. ग्रुप बुकिंग आहे, तारखा कंपनीच्या असतात, एक वर्ष सण इकडे काय न् तिकडे काय. भाऊ ऐकेनात. शेवटी सरांचा पारा चढला. "अहो, आखाजी काय दरवर्षीच येते!"

"व्हय," भाऊ म्हणाले. "दरसाल येस." आणि टोपी उचलून चालायला लागले.

मला राहवलं नाही. मी काउंटरचं फळकुट उचलून बाहेर आले आणि भर रस्त्यात त्यांना म्हणाले, "भाऊ, तुम्हाला यायचंच नाही ना? तर सरळ सांगा! सणाच्या आडून कशाला? घरात कोण येणार आहे तुमच्या आखाजीला? कुणासाठी परत यायचंय?"

बोलून गेले आणि जीभ चावली. हे बोलायला नको होतं. भाऊंनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. काहीतरी सांगतील असं वाटलं, पण "येस ताई", म्हणजे येतो, एवढंच म्हणाले आणि गेले.

रात्री मला जेवण गेलं नाही. माझे मिस्टर म्हणाले, "तू खरं बोललीस." मी म्हटलं, "खरं बोलले म्हणून तर."

सकाळी मीच त्या टूरवाल्या मुलीला फोन केला. आखाजी म्हणजे काय, ते तिला सांगितलं. ती म्हणाली, "मॅडम, तो फेस्टिव्हल पुढे ढकलता येणार नाही का?" मी म्हटलं, "बाई गं, तो चंद्राच्या हातात आहे, माझ्या नाही!" ती हसली आणि कामाला लागली. आधीच्या बॅचमध्ये जागा होत्या. आखाजीच्या तीन दिवस आधी आम्ही मुंबईत उतरणार, असं ठरलं.

भाऊंना निरोप पाठवला. ते बाकावर आले, नेहमीच्या जागी बसले आणि म्हणाले, "चहा सांग."

इतक्या हट्टाने लवकर परत का यायचं होतं, ते त्यांनी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. मी तर विचारणारच नव्हते.

*

व्हिसासाठी मुंबईला जायचं होतं. सगळ्यांनी प्रत्यक्ष यायला हवं, बोटांचे ठसे द्यायला हवेत.

गाडीत सरांनी आमची तोंडी परीक्षा घेतली. "प्रवासाचं कारण विचारलं तर एकच शब्द. टुरिझम! जास्त बोलायचं नाही. कुठे राहणार? हॉटेलचं नाव. खर्च कोण करणार? आम्हीच. आणि तिकडे कुणी नातेवाईक..."

सर तिथे थांबले. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. शांतिलालजींनी खाकऱ्याचा डबा उघडला. त्या प्रश्नाचं उत्तर आम्हाला कुणालाच शिकवता येईना.

व्हिसा सेंटरमध्ये एसी इतका की अक्कांनी पदर कानावरून घेतला. भाऊ-अक्कांना एकाच खिडकीवर बोलावलं. मी मदतीला मागे उभी राहिले. खिडकीत एक तरुण मुलगी होती, पोरसवदा, केस वर बांधलेले. अक्कांचे ठसे लगेच उठले. भाऊंचे उठेनात. आयुष्यभर केळीच्या चिकात काम केलेली बोटं! तिने ओला कागद दिला. भाऊ एक एक बोट पुसत होते आणि ती कागद चाळत विचारत होती.

"काका, कशासाठी चाललात?"

मागच्या रांगेतून सरांचे ओठ हलताना मला दिसले. टुरिझम, टुरिझम!

भाऊ बोट पुसत राहिले.

"बरं, ग्रुप टूर दिसते आहे," ती स्वतःच म्हणाली. "ग्रीसमध्ये तुमचं कुणी आहे का?"

अक्कांनी खाली बघितलं. मी अक्कांचा दंड धरला. भाऊंनी कागदाचा बोळा केला आणि काउंटरवर ठेवला.

"शे," ते म्हणाले. "मनी आंडेर शे तठे. तिले आखाजीले लेवाले जाई राह्यनू."

मुलगी मुंबईची. तिला काही कळलं नाही. ती माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "त्यांची मुलगी असते तिथे. सणाला तिला माहेरी आणायला चाललेत." एवढंच सांगायचं होतं, पण मला ते दोनदा सांगावं लागलं.

"अच्छा," ती म्हणाली. "मग मुलीचा तिथला पत्ता द्यावा लागेल."

अक्कांनी घाईघाईने पर्स उघडली. आधी चष्मा काढला, मग रुमाल, मग गोळ्या. चिठ्ठी सापडेना. भाऊंनी पर्सकडे बघितलंसुद्धा नाही. खिडकीच्या काचेजवळ तोंड नेऊन त्यांनी सांगायला सुरुवात केली. घराचा नंबर. गल्लीचं ते लांबलचक ग्रीक नाव. गाव, बेट, पिनकोड. कुठेही न अडखळता.

अक्कांचा हात पर्समध्येच राहिला.

"काका, जरा हळू सांगा ना," मुलगी म्हणाली. "मी लिहून घेते."

"लिही बेटा," भाऊ म्हणाले, आणि पुन्हा घराच्या नंबरापासून सांगायला लागले.